एका वितीचे जग

माझ्या चष्म्याचा नंबर उणे साडेचार आहे. याचा हिशेब अगदी सरळ आहे: एक मीटरला साडेचारने भागले की जे अंतर येते, त्याच्या पलीकडचे काहीही मला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसत नाही. हा भागाकार २२ सेंटिमीटरांच्या आसपास येतो, म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली जवळजवळ एक वीत. हे गणित मला बऱ्याच वर्षांपासून पाठ होते, पण त्याचा खरा अनुभव आला तो परदेशातल्या एका हॉटेलच्या खोलीत, पहाटे साडेपाच वाजता, प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी. त्या देशाचे आणि शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एका दुकानाबद्दल थोडी तक्रार आहे आणि तशी चूक कुठल्याही देशातल्या कुठल्याही दुकानात होऊ शकते.

झाले ते असे. झोपताना चष्मा उशाशी ठेवण्याची माझी जुनी सवय आहे. घरी उशाशी फळी आहे, हॉटेलात नव्हती, म्हणून मी तो गादीच्या कडेला ठेवला आणि रात्री कधीतरी तो खाली घसरला. पहाटे उठून पाय खाली टेकवला तेव्हा टाचेखाली कट्‌कन आवाज झाला. त्या आवाजाचा अर्थ चष्मा लावणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. फ्रेम नाकावरच्या पुलाशी मोडून तिचे दोन भाग झाले होते, उजवी काच खाचेतून निसटून तिचे दोन तुकडे झाले होते, एक मोठा आणि एक नखाएवढा, आणि डावी काच मात्र तिच्या अर्ध्या फ्रेममध्ये शाबूत होती. (आपण अजून ‘काच’च म्हणतो, प्रत्यक्षात चष्म्याच्या बहुतेक काचा आता प्लॅस्टिकच्या असतात.)

माझ्याबरोबर ताई होती. मी चरफडत ते सगळे कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाले, तेव्हा ती अंथरुणातूनच म्हणाली, “थांब गं, काही टाकू नकोस. नखाएवढा तुकडासुद्धा टाकू नकोस.” मग तिने खाली वाकून, मोबाइलच्या उजेडात एकेक तुकडा वेचून आपल्या साबणाच्या डबीत भरला. मला तो तिचा नेहमीचा काटकसरीपणा वाटला. दुसरा चष्मा आहे का, असे तिने विचारले. होता, घरी, कपाटात.

चष्मा मोडण्याचे प्रकार अनेक असतात आणि त्यांतले निम्मे तरी जागच्या जागी निभावता येतात. काडीच्या बिजागरीचा स्क्रू पडला असेल, तर त्या भोकातून बारीक तार किंवा दात कोरायची काडी घालून ती दोन्ही बाजूंनी मोडून टाकली की दिवस निघून जातो. पूल मोडला असेल आणि दोन्ही काचा धड असतील, तर चिकटपट्टी कुरूप दिसते पण काम करते. झटपट चिकटणारा गोंद मात्र काचा फ्रेममध्ये असताना कधीही वापरू नये, कारण तो वाळताना त्याची वाफ काचेवर बसून पांढुरकी साय धरते आणि ती पुसून जात नाही. माझ्या बाबतीत यांतला कोणताच उपाय चालणार नव्हता. चिकटपट्टीने फ्रेम जोडली असती तरी एका डोळ्यापुढे काच आणि दुसऱ्यापुढे मोकळे भोक राहिले असते, आणि दोन डोळ्यांनी पाहिलेली दोन इतकी वेगळी चित्रे मेंदूला जुळवता येत नाहीत.

म्हणून पहिले काही तास मी दोन युक्त्यांवर काढले. पहिली युक्ती मोबाइलच्या कॅमेऱ्याची. लघुदृष्टीच्या माणसाला जवळचे दिसते आणि कॅमेरा लांबचे स्वतःच स्पष्ट करून घेतो. तेव्हा मोबाइल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून पडद्याकडे पाहिले की रस्त्यापलीकडची पाटी, बसचा क्रमांक, स्थानकावरचा फलक असे सगळे त्या एका वितीच्या आत येते. चालताना ही युक्ती वापरू नये, कारण पडद्यावर पायरीची खोली कळत नाही. उभे राहावे, पाहावे, मोबाइल खिशात ठेवावा आणि मग चालावे. दुसरी युक्ती बारीक छिद्राची. कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिले, किंवा तर्जनी आणि अंगठा आवळून त्यांच्यामधल्या फटीतून पाहिले, तर नंबर कितीही असला तरी चित्र पुष्कळ स्पष्ट होते. अस्पष्टपणा येतो तो बाहुलीच्या पूर्ण रुंदीतून आत आलेल्या किरणांची डोळ्यातल्या पडद्यावर चकती पडते म्हणून. छिद्र लहान केले की चकतीही लहान होते. प्रकाश कमी होतो, एवढाच तोटा. नाश्त्याच्या टेबलावर मी मुठीतून भिंतीवरचा फलक वाचत होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे लहान मूल माझ्याकडे पाहून आपलीही मूठ डोळ्याला लावून बसले.

तिसऱ्या दिवसासाठी आम्ही गाडी भाड्याने घेतली होती आणि चालवणार मी होते. ते आरक्षण सकाळीच रद्द केले, त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. ब्रिटनमध्ये २० मीटरवरून समोरच्या गाडीची नंबरपट्टी वाचता आली पाहिजे, असा चालकांसाठी साधा नियम आहे, आणि युरोपीय संघातल्या परवान्यावर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांसाठी ०१ हा संकेतांक छापलेला असतो. मला २० मीटरवरून नंबरपट्टी तर सोडाच, गाडीही रंगाच्या डागासारखी दिसत होती. प्रवासविम्याची पॉलिसी मात्र मी वीतभर अंतरावरून व्यवस्थित वाचली. तिच्यात चष्मा, दातांची कवळी आणि श्रवणयंत्र ही तिन्ही एकाच वाक्यात भरपाईतून वगळलेली होती.

पहिले दुकान एका मोठ्या बाजारसंकुलात होते. डावी अर्धी फ्रेम डाव्या डोळ्यापुढे हाताने धरून आणि उजवा डोळा मिटून मी आत शिरले, म्हणजे काय हवे आहे हे सांगायची गरजच उरली नाही. त्या दुकानात डोळे तपासणारी व्यक्ती त्या दिवशी येणार नव्हती, पण जुना नंबर असेल तर त्यावरून तासाभरात चष्मा करून देऊ, असे काउंटरवरच्या मुलाने भाषांतराच्या ॲपमधून सांगितले. प्रत्येक देशात हे असे चालत नाही. काही ठिकाणी मुदतीतली चिठ्ठी असल्याशिवाय चष्मा बनवून मिळत नाही आणि आधी डोळे तपासून घ्यावेच लागतात. मला वाटले, बरेच झाले, वेळ वाचला. माझ्या मोबाइलमध्ये चौदा महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीचा फोटो होता आणि तो फोटो जपून ठेवल्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

चष्म्याचा नंबर जगात कुठेही वाचता येतो, ही सोय आपण गृहीत धरतो, पण ती फार जुनी नाही. पूर्वी काचेची ताकद तिच्या नाभीय अंतरावरून, आणि तेही इंचांत सांगत. आता पॅरिसचा इंच सुमारे २७ मिलिमीटरांचा आणि इंग्रजांचा २५.४ मिलिमीटरांचा, त्यामुळे सीमा ओलांडली की त्याच आकड्याची काच वेगळी निघे. शिवाय दोन काचांची ताकद मिळवायची तर अपूर्णांकांची बेरीज करावी लागे. १८७२ साली फर्डिनांड मोनोये या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने मीटरवर आधारलेले ‘डायऑप्टर’ हे एकक सुचवले आणि काही वर्षांतच ते सर्वत्र रुजले. माझ्या उणे साडेचारची वीत त्या दुकानातल्या मुलालाही तेवढीच लांब वाटली, ती त्याच्यामुळे.

तरीही लिहिण्याच्या तऱ्हा देशोदेशी वेगळ्या असतात आणि तिथे घोळ होऊ शकतो. उजव्या डोळ्यासाठी ओ. डी. आणि डाव्यासाठी ओ. एस. ही लॅटिन अक्षरे पुष्कळ ठिकाणी चालतात. पण फ्रान्समध्ये डाव्या डोळ्यासाठी ओ. जी. लिहितात, स्पेनमध्ये ओ. आय. युरोपात अनेक देशांत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. सिलिंडरचा नंबर (सगळ्या दिशांना सारख्या असणाऱ्या गोल नंबराखेरीज काचेच्या एकाच दिशेला दिलेली जादा ताकद; ती दिशा म्हणजे अक्ष) काही डॉक्टर अधिक चिन्हाने लिहितात तर काही उणे चिन्हाने, आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर दोन वेगळ्या माणसांच्या वाटाव्यात. ‘उणे २.००, अधिक १.००, अक्ष ९०’ आणि ‘उणे १.००, उणे १.००, अक्ष १८०’ ही एकाच काचेची दोन वर्णने आहेत: गोल नंबरात सिलिंडर मिळवायचा, सिलिंडरचे चिन्ह उलटे करायचे आणि अक्ष ९० अंशांनी फिरवायचा. ज्याला हे माहीत नाही असा चष्मेवाला मला अजून भेटलेला नाही, पण ज्याला हे माहीत नाही असा गिऱ्हाईक मी स्वतः होते आणि एकदा जुन्या नि नव्या चिठ्ठीतला फरक पाहून उगाच घाबरले होते.

त्या दिवशी अडले ते याहून लहान जागी. माझ्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी हाताने लिहिले होते: उजवा डोळा, उणे ४.५०, सिलिंडर उणे १.२५, अक्ष १०, आणि १० च्या डोक्यावर अंशाचे छोटे वर्तुळ. फोटोत ते वर्तुळ जरा खाली आणि जरा मोठे आले होते. मुलाने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला आणि मोबाइल माझ्यापुढे धरून विचारले की हे १० आहे की १००. मला सांगता येईना. आपला गोल नंबर सगळ्यांना तोंडपाठ असतो. आपला अक्ष किती, हे कितीजणांना सांगता येते?

अक्ष म्हणजे सिलिंडरची ताकद काचेवर कोणत्या दिशेने बसवायची तो कोन. दृष्टिवैषम्य असलेल्या डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसते, म्हणून काचही एका दिशेला वेगळी घासावी लागते आणि ती दिशा डोळ्याच्या दिशेशी जुळावी लागते. (स्वतःच्या डोळ्यातला हा दोष ओळखून त्यावर अशी काच प्रथम करवून घेतली ती जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने, १८२५ च्या सुमारास.) जुळणी ३० अंशांनी चुकली की सिलिंडरचा सगळा उपयोग संपतो, जेवढा दोष घालवायचा होता तेवढाच दुसऱ्या दिशेने शिल्लक राहतो. आणि १० च्या जागी १०० बसवले, म्हणजे नेमके ९० अंशांनी चुकले, तर दोष कमी होण्याऐवजी दुप्पट होतो. माझ्या उजव्या डोळ्यात सव्वाच्या जागी अडीच नंबरचे वैषम्य निर्माण झाले असते.

मुलाने डावी काच नंबर मोजण्याच्या यंत्राखाली ठेवली. लेन्सोमीटर नावाचे हे यंत्र जवळजवळ प्रत्येक चष्म्याच्या दुकानात असते आणि समोर ठेवलेल्या काचेचा नंबर, सिलिंडर आणि अक्ष काही सेकंदांत सांगते. डावीचा अक्ष १७० निघाला. दोन्ही डोळ्यांचे अक्ष पुष्कळदा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, १७० आणि १० असे, त्यामुळे उजवीकडे १० असावे असा त्याचा तर्क होता. पण तर्कावर काच कापायला तो तयार नव्हता, आणि याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देते. तेव्हा ताईने पर्समधून साबणाची डबी काढून काउंटरवर ठेवली.

मोठा तुकडा यंत्राखाली धरला तर नंबर आणि सिलिंडर बरोबर आले, पण सुटा तुकडा हातात कसाही फिरतो, त्यामुळे त्यावरून अक्ष कळेना. मग त्याने मोडक्या फ्रेमचा उजवा भाग घेतला आणि तुकडा त्याच्या खाचेत बसवून पाहू लागला. काचेची नाकाकडची खालची कड तिरकी उतरलेली असते आणि कानाकडचा वरचा कोपरा टोकदार. त्यामुळे ती एकाच रीतीने बसू शकते. तुकडा सैल होता, म्हणून नखाएवढा दुसरा तुकडाही लावावा लागला. तो लागल्यावर काच खाचेत घट्ट बसली. फ्रेमची खालची कड यंत्राच्या पट्टीवर सपाट टेकवून त्याने बटण दाबले. पडद्यावर ११ आले. तुटलेल्या तुकड्यांच्या मानाने ११ म्हणजे १०च. तो हसला, मी हसले आणि ताईने डबी बंद करून शांतपणे पर्समध्ये ठेवली.

इथपर्यंत सगळे उत्तम झाले होते आणि पुढची चूक निम्मी माझी आहे. फ्रेम निवडायला मी भिंतीपुढे उभी राहिले ती मोबाइलचा कॅमेरा हातात घेऊन, कारण नुसत्या डोळ्यांनी मला आरशातला स्वतःचा चेहराही दिसत नव्हता. (हे चष्मेवाल्यांचे जुने दुखणे आहे: ज्याला चष्मा हवा त्याला चष्म्याशिवायच चष्मा निवडावा लागतो.) मी एक मोठी, रुंद फ्रेम उचलली. ताई म्हणाली, “छान दिसते, पण तुझी आधीची लहान होती ना?” मी ते कानांआड केले. तासाभराने चष्मा हातात आला, डोळ्यांवर चढवला, आणि समोरच्या दुकानाची पाटी, पाटीखालचे लहान अक्षर, त्याच्याखालचे त्याहून लहान अक्षर असे सगळे लखलखीत दिसले. मी मुलाचे तीनदा आभार मानले.

त्रास संध्याकाळी सुरू झाला. अक्षरे स्पष्टच होती, तक्रार स्पष्टपणाची नव्हतीच. पण डोळ्यांच्या मागे, कपाळाच्या मध्यापाशी, कोणीतरी दोन्ही बाजूंना ओढते आहे अशी कळ येऊ लागली. जिना उतरताना पायरी जिथे दिसत होती तिथे लागत नव्हती. दिवे क्षणभर दोन होत आणि मग डोळे आवळले की एक होत. नवा चष्मा आहे, सवय होईल, असे मी स्वतःला समजावले. नव्या चष्म्याची सवय व्हायला थोडे दिवस लागतात हे खरेच आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने चुकीचा चष्माही माणसे निमूटपणे सोसत राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी उलटीची भावना झाली तेव्हा ताईने मला एका गल्लीतल्या लहानशा दुकानात ओढतच नेले.

तिथे एक वयस्क बाई होत्या. त्यांनी माझा नवा चष्मा हातात घेतला, यंत्राखाली धरला आणि प्रत्येक काचेवर शाईचा एकेक ठिपका उमटवला. मग तो माझ्या डोळ्यांवर चढवून, स्वतः माझ्या अगदी समोर बसून, त्यांच्या एका डोळ्याकडे आणि मग दुसऱ्या डोळ्याकडे पाहायला मला खुणेने सांगितले. नंतर हातात आरसा दिला. ठिपके माझ्या बाहुल्यांवर नव्हते. दोन्ही ठिपके बाहेरच्या बाजूला, कानाकडे सरकलेले होते, आणि हे मला माझ्याच डोळ्यांनी दिसत होते.

तो ठिपका म्हणजे काचेचे प्रकाशीय केंद्र. काचेची ताकद सगळीकडे तीच असली तरी वाकडे न होता सरळ आरपार जाणारा किरण या केंद्रातूनच जातो. केंद्रापासून बाजूला पाहिले की काच लोलकासारखी वागते आणि चित्र सरकवते. किती सरकवते याचा हिशेब सोपा आहे: केंद्रापासूनचे अंतर सेंटिमीटरांत, गुणिले काचेचा नंबर. माझ्या बाहुल्यांमधले अंतर ५८ मिलिमीटर निघाले. प्रौढांत ते बहुधा ५४ ते ७४ च्या दरम्यान असते, म्हणजे माझे तसे कमीच. नव्या चष्म्यातल्या केंद्रांमधले अंतर होते ६४. प्रत्येक डोळ्यामागे ३ मिलिमीटरांची चूक, गुणिले साडेचार, म्हणजे १.३५, आणि दोन्ही डोळे मिळून २.७ प्रिझम डायऑप्टर (चित्र सरकण्याचे एकक). त्यात दिशाही वाईट: चित्र एक करायला माझ्या डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावे लागत होते, आणि डोळ्यांना जवळचे पाहताना आत वळण्याची जन्मभराची सवय असली तरी समांतर रेषेच्या बाहेर वळणे त्यांना फार थोडे जमते. ती ओढ दिवसभर चालू होती.

पण पहिल्या दुकानातल्या मुलाने, ज्याने अक्षासाठी एवढा जीव टाकला, इथे हात का आखडला? बाईंनी एका कागदावर वर्तुळ काढून ते दाखवले आणि मला वाटते हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकवून जाणारा भाग होता. तासाभरात चष्मा मिळतो तो दुकानात गोल काचा तयार असतात म्हणून. या गोल काचेचा व्यास ठरलेला असतो. माझ्या नंबराची पातळ काच ६५ मिलिमीटर व्यासाची होती. फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूला आकडे असतात, माझ्या नव्या फ्रेमवर ५४, चौकोन, १८ आणि १४० असे होते: काचेची रुंदी ५४, पुलाची १८, काडीची लांबी १४०. चौपन्न आणि अठरा मिळून ७२ झाले. म्हणजे फ्रेमच्या दोन खिडक्यांची केंद्रे एकमेकांपासून ७२ वर, आणि माझे डोळे ५८ वर. प्रत्येक काच ७ मिलिमीटर नाकाकडे सरकवायला हवी होती. तेवढी सरकवली तर ६५ ची काच कानाकडच्या कडेला पुरतच नाही, तिथे फट राहते. मग काच जेवढी पुरेल तेवढीच सरकवली गेली आणि उरलेले ३ मिलिमीटर माझ्या कपाळात आले. मोठ्या व्यासाची काच मागवायची तर काही दिवस थांबावे लागले असते; निदान तसे सांगायला हवे होते, आणि माझी तक्रार आहे ती एवढीच.

ताईने पुन्हा साबणाची डबी काढली. मोडक्या फ्रेमच्या काडीवर ४९, चौकोन, १८ असे आकडे होते. म्हणजे ६७ वजा ५८, भागिले दोन, साडेचार मिलिमीटर. लहान फ्रेमला ६५ ची काच आरामात पुरते. माझी जुनी फ्रेम लहान होती ती आवड म्हणून, असे मी समजत होते. माझ्या चष्मेवाल्याने दर वेळी मला लहान फ्रेमांच्याच कप्प्यापाशी का नेले, ते मला तिथे कळले.

बाईंनी काच कापण्याआधी डोळे तपासण्याचा आग्रह धरला. आधी यंत्रात हनुवटी टेकवून पाहायचे, जिथे सरळ रस्त्याच्या टोकाशी रंगीत फुगा दिसतो, धूसर होतो आणि पुन्हा स्पष्ट होतो. हा फुगा मी घरीही पाहिलेला होता आणि परक्या देशात ओळखीचे कोणी भेटावे तसे वाटले. या यंत्राचा आकडा अंतिम धरायचा नसतो, ती तपासणीची सुरुवात असते. मग त्यांनी भिंतीवर तक्ता उजळला. त्या देशाची लिपी मला वाचता येत नाही, म्हणून मला धाकधूक होती, पण तक्त्यावर अक्षरे नव्हतीच. एका बाजूला फट असलेली कडी होती, मोठ्यापासून बारीकपर्यंत, आणि फट वर, खाली, डावीकडे की उजवीकडे एवढेच बोटाने दाखवायचे होते. एडमुंड लँडोल्ट यांनी १८८८ साली केलेला हा तक्ता अक्षरओळख नसलेल्यालाही चालतो. ‘पहिले बरे की दुसरे’ हा नेहमीचा प्रश्न बाईंनी एक बोट आणि दोन बोटे दाखवून विचारला. नंबर जुनाच निघाला, अक्ष १० निघाला. पहिल्या दुकानात वाचवलेला वेळ मी दोन दिवसांच्या डोकेदुखीने फेडला होता, तो इथे अर्ध्या तासात संपला.

या सगळ्यात ताईचा चष्मा शाबूत राहिला हे नशीब, कारण तिचा प्रोग्रेसिव्ह आहे, वर लांबचे, खाली जवळचे आणि मध्ये रेघ नाही. असा चष्मा तासाभरात होत नाही. काच प्रयोगशाळेत त्या माणसासाठी घासावी लागते आणि त्याला काही दिवस, कधी त्याहून जास्तही लागतात. बाईंनी ताईच्या काचा उजेडात तिरक्या धरून मला दाखवले: कडेजवळ, एरवी दिसणार नाहीत अशी दोन बारीक चिन्हे कोरलेली होती, एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर, आणि त्याखाली जवळच्या वाढीव नंबराचा आकडा. म्हणजे अशा काचेचा योग्य तो तुकडा जरी हाती राहिला तरी ती कुठली आणि किती नंबरची होती हे कळू शकते. पण प्रवासात तोच फुटला, तर दोन साधे चष्मे करून घ्यावेत, एक लांबचा आणि एक वाचायचा, आणि घरी येईपर्यंत ते आलटून पालटून लावावेत, असा त्यांचा सल्ला होता. नुसते वाचायचे तयार चष्मे अनेक देशांत सहज मिळतात, परंतु त्यांत दोन्ही काचा सारख्याच अधिक नंबरच्या असतात आणि सिलिंडर नसतो. माझ्यासारख्या उणे नंबरवाल्याला त्यांचा काही उपयोग नाही.

नवा चष्मा संध्याकाळी मिळाला. बाईंनी पुन्हा ठिपके लावले, पुन्हा आरसा दिला आणि या वेळी दोन्ही ठिपके काळ्या बाहुल्यांच्या मधोमध बसलेले दिसले. मग त्यांनी ओलसर कापडाने ते पुसून टाकले. बाहेर पडताना दाराशी दोन पायऱ्या होत्या आणि दोन्ही जिथे दिसल्या तिथेच लागल्या.

मोठी फ्रेम मी परत केली नाही. ती माझ्या सामानात कापडात गुंडाळून राहिली आणि पुढचे दहा दिवस माझा दुसरा चष्मा म्हणून प्रवास करत होती. तुटलेल्या चष्म्याची साबणाची डबी ताईकडेच आहे. घरी आल्यावर मी डॉक्टरांकडे गेले आणि चिठ्ठीवर नंबराखाली बाहुल्यांमधले अंतरही लिहून मागितले. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७८ सालच्या नियमाने तपासणीनंतर चिठ्ठी रुग्णाच्या हाती देणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले, पण या मापाची सक्ती त्यातही नाही; मागितल्याशिवाय ते कागदावर येत नाही. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे मोजले, उजवा २८.५, डावा २९.५. मग अक्ष लिहायला त्यांनी पेन टेकवले आणि सवयीने १० वर ते छोटे वर्तुळ काढणार, तेवढ्यात मी त्यांना थांबवले आणि कारण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, क्षणभर विचार केला आणि १० च्या आधी एक शून्य घालून ०१० असे लिहिले, वर्तुळाशिवाय.